नवा संच, जुनी राख

२९ मे २०२३. नागपूरलगतच्या कोराडीत, विदर्भाच्या उन्हाचा तडाखा ऐन भरात असताना, औष्णिक वीज केंद्राच्या विस्तारासाठी जनसुनावणी झाली. महानिर्मितीला तिथे प्रत्येकी ६६० मेगावॉटचे दोन नवे संच उभारायचे होते. काहींना त्यात रोजगार आणि वीज दिसत होती, काहींना गच्चीवर साचणारी राख. ‘वीज साऱ्या राज्याची, राख मात्र आमच्या वाट्याची’ ही या भागातली जुनी तक्रार पुन्हा ऐकू आली. नंतर चर्चा राजकीय पक्षांच्या भूमिकांकडे वळली आणि मूळ प्रश्न मागे पडला. आधीपासून चालू असलेल्या वीज केंद्राला वाढीची परवानगी देताना आपले नियम नेमके काय मोजतात? आणि त्या परिसरातल्या माणसाचे शरीर काय मोजते? या दोन मोजमापांत अंतर आहे. ते समजून घेतले, तर पुढच्या सुनावणीत कोणते प्रश्न विचारायचे हेही समजेल. अशा सुनावण्या कोराडीपुरत्या नाहीत. विजेची मागणी वाढते आहे आणि नवी जागा मिळवण्यापेक्षा जुन्या केंद्राच्या आवारात संच वाढवणे सोपे पडते. जमीन, रेल्वेमार्ग, पाणी, वीजवाहिन्या सगळे तिथे तयार असते.

परवाना लागत नाही, मंजुरी लागते

अनेकांना आश्चर्य वाटेल, पण औष्णिक वीज केंद्र उभारायला आपल्याकडे परवाना लागत नाही. २००३च्या वीज कायद्याच्या कलम ७ने ही अट काढून टाकली. ग्रिडशी जोडणीचे तांत्रिक निकष पाळले की कोणतीही कंपनी वीजनिर्मिती करू शकते. त्यामुळे वीज केंद्राला ‘थांबा, आधी हिशेब द्या’ असे म्हणणारे मुख्य दार उरते ते पर्यावरणीय मंजुरीचे. ही मंजुरी १४ सप्टेंबर २००६च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार दिली जाते. त्याशिवाय १९७४चा जल कायदा आणि १९८१चा वायू कायदा यांखाली राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते.

मोठ्या कोळसा केंद्राचा प्रस्ताव केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या तज्ज्ञ मूल्यांकन समितीपुढे जातो. कोणत्या गोष्टींचा अभ्यास करायचा हे समिती ठरवते. कंपनी सल्लागार संस्थेकडून अहवालाचा मसुदा तयार करून घेते. मग जनसुनावणी होते, तिथल्या आक्षेपांना उत्तरे देऊन अहवाल अंतिम होतो आणि समिती शिफारस करते.

विस्ताराच्या प्रस्तावासाठी मात्र याच अधिसूचनेत वेगळी वाट आहे. परिच्छेद ७(२) नुसार, क्षमतावाढीच्या अर्जावर किती अभ्यास हवा आणि जनसुनावणी लागेल की नाही, हे समिती ठरवू शकते. एप्रिल २०२२च्या एका कार्यालयीन ज्ञापनाने तर ठरावीक अटींत बसणाऱ्या, ५० टक्क्यांपर्यंतच्या वाढीसाठी टक्केवारीनुसार सवलतींच्या पायऱ्याच आखून दिल्या. कोराडीत चालू क्षमता २१० मेगावॉटचा एक जुना संच आणि ६६०चे तीन, अशी २,१९० मेगावॉट होती. त्यात १,३२० मेगावॉटची भर म्हणजे ६० टक्के वाढ. म्हणजे ही वाढ त्या सवलतीच्या पायऱ्यांपलीकडची होती.

सवलतीमागचा विचार असा, की केंद्र आधीच तिथे आहे, परिसराचा अभ्यास एकदा झालेला आहे, तर सगळे पहिल्यापासून कशाला? कागदावर हे पटते. आरोग्याच्या बाजूने पाहिले तर उलटे दिसते. जिथे आधीच ओझे आहे, तिथे आणखी ओझे टाकण्यापूर्वी तपासणी जास्त कडक हवी. आधीच रक्तदाब असलेल्या रुग्णाला नवे औषध देताना डॉक्टर जुनी फाइल बंद करून ठेवत नाहीत, आधी तीच उघडतात.

१,३२० मेगावॉट म्हणजे काय?

मेगावॉटचा आकडा ऐकून डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. म्हणून साधी आकडेमोड करू. १,३२० मेगावॉटचे संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले तर साधारण ३ कोटी १७ लाख युनिट वीज तयार होते. आधुनिक संचालाही भारतीय कोळसा युनिटमागे सहाशे ग्रॅमच्या आसपास लागतो. म्हणजे दिवसाला सुमारे १९ ते २० हजार टन कोळसा. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के असते. ३५ टक्के धरले, तरी रोज सात हजार टनांच्या आसपास राख. दहा टनी ट्रकमध्ये भरायची ठरवली तर सातशे ट्रक, तेही रोज.

या राखेतला मोठा भाग धुरासोबत वर जाऊ पाहतो. तो अडवण्यासाठी विजेच्या प्रभाराने कण पकडणारी ईएसपी यंत्रणा असते. ती नीट चालली, तर ९९ टक्क्यांहून जास्त राख पकडते. डिसेंबर २०१५मध्ये केंद्राने उत्सर्जनाची नवी मानके आणली. २०१७नंतरच्या संचांना धूलिकणांची मर्यादा प्रतिघनमीटर ३० मिलिग्रॅम आहे. ती तंतोतंत पाळली, तरी एवढ्या क्षमतेच्या धुराड्यांतून रोज तीन ते चार टन बारीक धूळ बाहेर पडते. ‘मानकाच्या आत’ याचा अर्थ ‘शून्य’ असा नाही.

गंधकाचा हिशेब वेगळा आहे. कोळशात अर्धा टक्का गंधक धरले, तर वीस हजार टनांत शंभर टन गंधक आणि त्यापासून जवळपास २०० टन सल्फर डायऑक्साइड. ईएसपी हा वायू अडवू शकत नाही. त्यासाठी एफजीडी, म्हणजे धुरातून गंधक वेगळा काढणारी यंत्रणा लागते. ती ९५ टक्के कार्यक्षमतेने चालली, तर दोनशेचे दहा टन होतात. एका यंत्रणेच्या असण्या-नसण्यात रोजच्या १९० टनांचा फरक आहे.

पाण्याची मर्यादा नव्या संचांना प्रतिमेगावॉट-तास तीन घनमीटर आहे. त्या हिशेबाने पूर्ण क्षमतेच्या एका दिवसाला साडेनऊ कोटी लिटर लागतात. याबाबतीत कोराडीचे एक पाऊल दखल घेण्यासारखे आहे. नागपूर शहराचे सांडपाणी प्रक्रिया करून वीज केंद्राला देण्याची व्यवस्था इथे आधीपासून आहे. पिण्याच्या पाण्यावरचा ताण त्यामुळे कमी होतो. योग्य अट घातली आणि तिचा पाठपुरावा झाला, तर काय घडू शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

फुफ्फुसाला संच क्रमांक कळत नाही

आता नियमांचे मोजमाप कसे चालते ते पाहू. परिणाम मूल्यांकनात साधारणपणे प्रकल्पाभोवती दहा किलोमीटर त्रिज्येचा परिसर घेतला जातो. पावसाळा सोडून एका ऋतूत हवेचे नमुने घेतात. ती झाली पायाभूत पातळी. नव्या संचांमुळे त्यात किती भर पडेल हे संगणकीय प्रारूपाने काढतात. पायाभूत पातळी अधिक वाढीव भर ही बेरीज राष्ट्रीय मानकाखाली राहिली, की हवेचा विषय बहुतेक निकाली निघतो.

यात तीन अडचणी आहेत. पहिली पायाभूत पातळीचीच. चालू संचांचे प्रदूषण तिच्यात आधीच मिसळलेले असते. ते ‘परिसराची स्थिती’ म्हणून नोंदले जाते आणि चर्चा फक्त नव्या भरेची होते. कोराडीपासून काही किलोमीटरवर खापरखेड्याचे १,३४० मेगावॉटचे केंद्र आहे. दोन्ही मिळून ३,५३० मेगावॉट आधीच होते. तिथल्या मुलाच्या श्वासात कोणता कण जुन्या संचाचा, कोणता खापरखेड्याचा आणि कोणता नव्या संचाचा, हे त्याच्या फुफ्फुसाला कळत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचते ती बेरीज.

दुसरी अडचण अंतराची. सल्फर डायऑक्साइड हवेत राहून काही तासांत, काही दिवसांत सल्फेटच्या अतिसूक्ष्म कणांत बदलतो. हे पीएम २.५ गटातले कण वाऱ्यासोबत शेकडो किलोमीटर जातात. मोठ्या केंद्रांची धुराडी २७५ मीटर उंच असतात, ती याचसाठी की धूर दूर पसरून पातळ व्हावा. त्याने पायथ्याच्या गावाला थोडा दिलासा मिळतो. गंधक मात्र कमी होत नाही, तो फक्त पत्ता बदलतो. दहा किलोमीटरच्या वर्तुळात तो प्रवास मावत नाही.

तिसरी अडचण मानकाची. पीएम २.५साठी भारताची २००९ची मर्यादा वार्षिक सरासरी ४० मायक्रोग्रॅम आणि चोवीस तासांसाठी ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये सुचवलेल्या पातळ्या अनुक्रमे ५ आणि १५ आहेत. आपण लगेच ५वर येऊ शकत नाही, हे मान्य. पण ३८ मायक्रोग्रॅमच्या हवेला ‘मानकात बसते’ म्हणणे वेगळे आणि ‘आरोग्याला धोका नाही’ म्हणणे वेगळे. अहवालांत या दोन वाक्यांची सर्रास अदलाबदल होते.

हे कण शरीरात काय करतात यावर आता फारसा वाद उरलेला नाही. ते फुफ्फुसाच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत जातात, तिथे दाह निर्माण करतात आणि हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढवतात. बाहेरच्या हवेतील प्रदूषण कर्करोगाला कारणीभूत ठरते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१३मध्येच जाहीर केले. सल्फर डायऑक्साइडने दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका काही मिनिटांत आकसू शकतात. लहान मुले वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात, म्हणून त्यांच्यावर परिणाम अधिक. एवढे माहीत असूनही स्वतंत्र ‘आरोग्य परिणाम मूल्यांकन’ आपल्याकडे कायद्याने बंधनकारक नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात दम्याचे, खोकल्याचे किती रुग्ण येतात आणि दहा वर्षांत तो आकडा कसा बदलला, हे विस्ताराच्या फाइलीत ठळकपणे समोर यायला हवे. ते क्वचितच येते.

बदली की भर?

विस्ताराच्या बाजूचा सर्वांत वजनदार युक्तिवाद बदलीचा आहे. जुने, छोटे संच निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागी सुपरक्रिटिकल तंत्रज्ञानाचे संच आले, तर तेवढ्याच विजेला कमी कोळसा लागेल आणि धूरही कमी होईल. तांत्रिकदृष्ट्या हे खरे आहे. जुना २१० मेगावॉटचा संच आणि नवा ६६०चा संच यांत नवा नक्कीच बरा.

पण ही तुलना कोणत्या दिवसापासून करायची? जुने संच काही वर्षांपूर्वीच थंडावले असतील, तर आजच्या हवेत त्यांचा धूर नाहीच. मग आजच्या हवेच्या दृष्टीने नवा संच ही बदली राहत नाही, ती सरळ भर ठरते. बदलीचा दावा खरा ठरण्यासाठी मंजुरीपत्रात संचांची नावे आणि तारखा हव्यात. अमुक संच अमुक दिवशी बंद झाल्याशिवाय नवा संच ग्रिडला जोडता येणार नाही, असे स्पष्ट लिहायला हवे.

अटींचे पुढे काय होते?

१६ जुलै २०२२ रोजी मुसळधार पावसात कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला. राखेचा चिखल शेतांत, वस्तीत आणि कोलार नदीमार्गे कन्हान नदीपर्यंत गेला. कन्हान ही नागपूरच्या पाण्याचा एक स्रोत आहे. पुढच्या वर्षी विस्ताराची सुनावणी झाली, तेव्हा ही आठवण अवघ्या दहा महिन्यांची होती.

विस्ताराच्या नियमांत एक मोलाची तरतूद आहे, ती इथे उपयोगी पडते. जुन्या मंजुरीतल्या अटी पाळल्या की नाही, याचा मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाने प्रमाणित केलेला अहवाल विस्ताराच्या अर्जासोबत लागतो. मे २०१२पासून ही पद्धत आहे. एरवी चालू केंद्राला जुन्या अटींचा जाब विचारायचा तर तक्रारी, नोटिसा, न्यायालय अशी लांबची वाट असते. विस्ताराच्या वेळी मात्र कंपनीला सरकारकडून काहीतरी हवे असते. म्हणून जुना हिशेब चुकता करून घेण्याची हीच वेळ असते. एकदा नवी मंजुरी हातात पडली, की ती वेळ गेली.

पाठपुराव्याने काय साधते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डहाणू तालुका केंद्राने जून १९९१मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला. तिथल्या ५०० मेगावॉटच्या वीज केंद्राच्या मूळ मंजुरीतच एफजीडीची अट होती. केंद्र १९९५मध्ये सुरू झाले, एफजीडी मात्र आली नाही. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. प्राधिकरणाने १९९९मध्ये एफजीडी बसवण्याचा आदेश दिला, टाळाटाळ होताच बँक हमीचा आग्रह धरला आणि अखेर २००७मध्ये समुद्राच्या पाण्यावर चालणारी एफजीडी सुरू झाली. चिकूच्या बागांसाठी आणि वारली वस्त्यांसाठी ती मोठी गोष्ट होती. लिहिलेल्या अटीला प्रत्यक्षात यायला केंद्र सुरू झाल्यापासून बारा वर्षे लागली, तीही तालुक्यासाठी खास प्राधिकरण असताना. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी, भुसावळ यांच्यासाठी असे कायमचे, अधिकार असलेले प्राधिकरण नाही.

मानकेच हलली तर?

एफजीडीची देशव्यापी गोष्ट याहून लांबली. २०१५च्या मानकांची पहिली मुदत डिसेंबर २०१७ होती. ती पुन्हा पुन्हा पुढे गेली. मग ११ जुलै २०२५ रोजी केंद्राने नवी अधिसूचना काढली. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र किंवा दहा लाखांवर लोकवस्तीची शहरे यांच्या दहा किलोमीटरच्या आतील संचांना डिसेंबर २०२७पर्यंत गंधकाचे मानक पाळावे लागेल. गंभीर प्रदूषित क्षेत्रे आणि हवेची मानके न गाठणारी शहरे यांच्याजवळच्या संचांबाबत एकेक प्रकरण पाहून निर्णय होईल. उरलेल्यांना, म्हणजे देशातील बहुतांश क्षमतेला, हे मानक लागू राहिले नाही. त्यांना धुराड्याच्या उंचीचा निकष पुरेसा ठरला.

सरकारची बाजू अशी, की भारतीय कोळशात गंधक कमी आहे, बहुतेक ठिकाणी हवेतील सल्फर डायऑक्साइड मर्यादेत आहे, आणि एफजीडीसाठी चुनखडीचे खाणकाम, वाहतूक व जादा वीज लागून कार्बन उत्सर्जन वाढते. त्याने विजेचा दरही वाढतो. हे मुद्दे झटकून टाकण्यासारखे नाहीत. पण त्यांत मोजला जातो तो वायूच्या रूपातला गंधक. त्याचे सल्फेट कण झाले, की तो सल्फर डायऑक्साइडच्या तक्त्यातून नाहीसा होतो आणि पीएम २.५च्या तक्त्यात हजर होतो. हवेतला वायू मर्यादेत असला, म्हणून गंधकाचा हिशेब संपत नाही. यापुढे विस्ताराच्या प्रत्येक मंजुरीत एफजीडीची अट आहे का, आणि ती नंतर शिथिल होऊ शकते का, हे म्हणूनच पाहायला हवे.

सुनावणीला जाताना

जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे. विरोधात जास्त हात वर झाले म्हणून प्रकल्प थांबत नाही. पण नोंदवलेल्या प्रत्येक मुद्द्याला कंपनीला उत्तर द्यावे लागते आणि ते समितीपुढे जाते. म्हणून घोषणेपेक्षा नेमका प्रश्न जास्त टिकतो. सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी वृत्तपत्रांत यावी लागते. अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि स्थानिक स्वराज्य संस्थांकडे ठेवावा लागतो. सुनावणीचे चित्रीकरण होते, उपस्थित प्रत्येकाला बोलण्याची संधी द्यावी लागते आणि इतिवृत्त तिथेच स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागते. लेखी म्हणणेही देता येते.

पाच प्रश्न कोणत्याही केंद्राला लागू पडतात. जुन्या अटींचा प्रमाणित अहवाल कुठे आहे आणि त्यात किती अटी अपूर्ण आहेत? शेजारच्या केंद्रांसह एकूण प्रदूषणाची बेरीज केली आहे का, की फक्त नव्या संचाची? कोणते जुने संच कोणत्या तारखेला बंद होणार? रोजची राख कुठे जाणार आणि जुन्या बंधाऱ्यांची तपासणी कोणी केली? परिसरातील आरोग्य केंद्रांच्या गेल्या काही वर्षांच्या नोंदी अहवालात आहेत का?

मंजुरी मिळाल्यावरही दार बंद होत नाही. अटींच्या पालनाचा अहवाल कंपनीला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज असतो. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे तीस दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असेल तर लवाद आणखी साठ दिवसांपर्यंत मुभा देऊ शकतो.

वीज हवी, यावर वाद नाही. उन्हाळ्यातल्या नागपुरात दवाखान्याच्या अतिदक्षता विभागाला ती आधी हवी. पण त्या विभागात दाखल होणाऱ्यांपैकी किती जण धुरामुळे तिथे आले, हेही कुणीतरी मोजायला हवे. विस्ताराचा अर्ज टेबलावर येतो तो दिवस त्या मोजणीचा. त्या दिवशी जुनी फाइल उघडली नाही, तर नवा संच जुन्या राखेवरच उभा राहतो.